बुटका हॅमस्टर : निसर्गपरिचयाचा एक पाठ



निसर्गपरिचयाच्या पाठासाठी आपण आजवर गाय, शेळी, कोंबडी, मुंगी, फुलपाखरू असे परिसरातील प्राणी निवडीत आलो आहोत आणि ते सर्वथा योग्य आहे. परंतु अलीकडे एक परदेशी प्राणी आपल्या वर्गात न बोलावता येऊन बसला आहे. मुले त्याला मोबाइलच्या पडद्यावर पाहतात, शहरात गेली की दुकानात पाहतात आणि एखाद्याचा मामा सुटीत येताना तो पिंजऱ्यासह घेऊनही येतो. हा प्राणी म्हणजे बुटका हॅमस्टर. दुकानदार त्यास ‘ड्वार्फ हॅमस्टर’ म्हणतात. जेथे मुलांचे कुतूहल आधीच जागे झाले आहे, तेथे अर्धा पाठ झालेलाच असतो. उरलेला अर्धा नीट व्हावा, एवढ्यासाठी हे टिपण आहे.

प्रथम माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात मी एका द्विशिक्षकी शाळेस भेट दिली. गुरुजींच्या टेबलावर तारेचा एक लहानसा पिंजरा होता. त्यात मूठभर भुशावर अंगाची गुंडाळी करून एक हॅमस्टर निजला होता. एका विद्यार्थ्याच्या काकांनी तो शाळेस भेट दिला होता व मुलांनी त्याचे नाव मोती ठेवले होते. मला दाखविण्यासाठी एका मुलाने त्यास पेन्सिलीने डिवचून जागे केले. तो दचकला, कोपऱ्यात गेला आणि तार कुरतडू लागला. मुले हसली; मीही हसलो. शेरेबुकात ‘प्राणिप्रेम वाढविणारा स्तुत्य उपक्रम’ असा शेरा लिहून मी निघालो. दारापाशी तिसरीतील एक मुलगी म्हणाली, “साहेब, हा दिवसभर झोपतो. मग रात्री शाळेत एकटा काय करतो?” मी म्हणालो, “गुरुजींना विचार हं.”

जूनमध्ये पुन्हा गेलो तेव्हा पिंजरा रिकामा होता. एप्रिलच्या अखेरीस, पत्र्याच्या छपराखाली, एका दुपारी मोती मेला होता. गुरुजी हळहळत होते. त्यांनी दाणापाणी एक दिवसही चुकविले नव्हते. उणे पडले होते ते ज्ञान. आणि ते त्यांच्यापेक्षा माझे अधिक उणे होते, कारण शेरा माझा होता. पुढील पाठ म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नास उशिरा दिलेले उत्तर आहे.

पाठाचा हेतू

इयत्ता चौथी व पाचवीसाठी दोन तासिकांत हा पाठ घेता येईल. त्याचे हेतू तीन आहेत. (१) प्राण्याची शरीररचना व सवयी त्याच्या मूळ प्रदेशाशी कशा जुळलेल्या असतात, हे मुलांना समजावे. (२) प्राणी पाळणे म्हणजे केवळ खाऊ घालणे नव्हे, तर त्याच्या मूळ घरातील गरजा ओळखून त्या पुरविणे होय, हे मुलांनी स्वतः अनुमानाने काढावे. (३) आपल्याला एखादा प्राणी पाळणे झेपेल की नाही, हे ठरविण्याची सवय मुलांना लागावी.

पूर्वतयारी

आशियाचा नकाशा, तराजू, तीस ग्रॅम ज्वारी, खडू व मोजपट्टी एवढे साहित्य पुरे. प्रत्यक्ष हॅमस्टर वर्गात आणण्याची मुळीच आवश्यकता नाही. का नाही, हे पाठाच्या अखेरीस मुलेच सांगतील.

प्रस्तावना

परिचितापासून अपरिचिताकडे जावे. आरंभी विचारावे : शेतातला उंदीर कोठे राहतो? तो दिवसा अधिक दिसतो की रात्री? सुगीत त्याचे बीळ खणले तर आत काय सापडते? शेतकऱ्याची मुले ‘कणसे’, ‘दाणे’ अशी उत्तरे चटकन देतात. मग सांगावे की, असाच बिळात राहणारा, रात्री हिंडणारा व धान्य साठविणारा एक लहान प्राणी दूर उत्तरेस राहतो. त्याची साठविण्याची सवय इतकी प्रसिद्ध आहे की, जर्मन भाषेत साठेबाजी करणे या अर्थाचे क्रियापदच त्याच्या नावावरून बनले आहे.

आता तराजूत तीस ग्रॅम ज्वारी तोलून एकेका मुलाच्या तळहातावर ठेवावी. एवढेच साधारण या प्राण्याचे वजन. ज्या हातात तो येतो, त्या हाताची जबाबदारी किती नाजूक आहे, हे सांगावे लागत नाही.

विषयविवेचन : मूळ घर

नकाशावर भारतापासून उत्तरेकडे बोट न्यावे. हिमालय व तिबेट ओलांडला की पुढे मंगोलिया, उत्तर चीन, कझाकस्तान व सायबेरियाचा दक्षिण भाग लागतो. तेथील विस्तीर्ण गवताळ माळ व अर्धवाळवंटे हे बुटक्या हॅमस्टरचे घर. लडाखच्या थंड पठारावरही हॅमस्टरच्या कुळातील काही जाती आहेत. परंतु महाराष्ट्रात रानटी हॅमस्टर नाही, हे स्पष्ट करावे.

खरे बुटके हॅमस्टर तीन जातींचे आहेत. पहिली जात सायबेरिया व कझाकस्तानातील हिवाळी पांढऱ्या हॅमस्टरची. पीटर पॅलास या निसर्गशास्त्रज्ञाने १७७३ साली तिचे वर्णन केले. दुसरी मंगोलियातील कॅम्पबेलचा हॅमस्टर. तिचे नामकरण १९०५ साली ऑल्डफील्ड थॉमस यांनी केले. तिसरी रोबोरोव्हस्कीचा हॅमस्टर. गोबीच्या वाळूत राहणारी ही जात सर्वांत लहान, जेमतेम पाच सेंटिमीटर लांबीची. इतर दोन जाती सात ते दहा सेंटिमीटरपर्यंत वाढतात. तिन्ही जातींचे शेपूट इतके आखूड असते की ते केसांत लपून जाते. तळपायांवरही केस असतात. बर्फावर व वाळूवर चालणाऱ्या प्राण्यास ते उपयोगी पडतात.

दुकानात मिळणारा मोठा सोनेरी हॅमस्टर हा निराळा प्राणी आहे. तो सीरिया देशातला. १९३० साली इस्राएल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने अलेप्पो शहराजवळील शेतातील बिळातून एक मादी व तिची पिल्ले खणून काढली. आज जगभर पाळले जाणारे सोनेरी हॅमस्टर बहुतांशी त्या एका कुटुंबाचे वंशज आहेत. पकडल्यानंतर घाबरलेल्या त्या मादीने आपलेच एक पिल्लू मारले, अशीही नोंद आहे. भय या इवल्या जीवास कोठवर नेते, हे त्यावरून दिसते.

हिवाळी पांढऱ्या हॅमस्टरची गोष्ट मुलांना विशेष आवडेल. उन्हाळ्यात तो करडा असतो. हिवाळ्यात त्याचे केस जवळजवळ पांढरे होतात, म्हणजे बर्फात तो शत्रूस दिसत नाही. येथे थांबून विचारावे : “हिवाळा येत आहे, हे त्यास कसे कळत असेल?” मुले ‘थंडीमुळे’ असे म्हणतील. खरे उत्तर निराळे आहे. त्यास दिवस लहान होऊ लागल्याचे कळते. डोळ्यांत येणाऱ्या प्रकाशाचा काळ घटला की शरीरातील मेलॅटोनिन या द्रव्याच्या स्रवण्यात फरक पडतो व केस बदलू लागतात. कडाक्याच्या थंडीत तो दिवसातून काही तास आपल्या शरीराचे तापमान उतरवून निपचित पडतो व शक्ती वाचवितो. थोडक्यात, या प्राण्याचे सारे शरीर थंडीशी झगडण्यासाठी घडलेले आहे. उकाड्याशी झगडण्याचे साधन त्याच्याजवळ फारसे नाही. आपल्याप्रमाणे घाम येऊन त्याचे अंग थंड होत नाही. मोतीच्या मृत्यूचे कारण या दोन वाक्यांत आहे.

घरावरून पिंजरा कसा असावा?

हा पाठाचा गाभा आहे. फळ्याचे दोन भाग करावेत. डावीकडे ‘मूळ घरातील सवय’ व उजवीकडे ‘पिंजऱ्यातील सोय’ असे लिहावे. डावी बाजू आपण सांगावी. उजवी मुलांकडून काढून घ्यावी.

बीळ : माळावर तो जमिनीत सुमारे एक मीटर खोलपर्यंत बिळे करतो व आत गवताची ऊबदार गादी करतो. म्हणून पिंजऱ्यात पुष्कळ खोल भराव हवा. निदान वीस सेंटिमीटर, आणि अधिक असल्यास उत्तम. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी सोनेरी हॅमस्टर दहा, चाळीस व ऐंशी सेंटिमीटर खोलीच्या भरावांवर ठेवून पाहिले व २००६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दहा सेंटिमीटर भरावावरचे प्राणी तार पुष्कळ अधिक कुरतडीत असल्याचे त्यांस आढळले. तार कुरतडणे हा खेळ नव्हे, ते अडचणीचे लक्षण आहे. मी ज्यास हसलो, ते हेच होते. भरावासाठी कोऱ्या कागदाचे कपटे चालतात. देवदार किंवा पाइनचा वासाचा भुसा टाळावा. कापूस मुळीच घालू नये. त्याचे तंतू पायांस गुंडाळतात व पोटात गेल्यास आतडी अडतात.

भटकंती : अन्नासाठी तो रात्री दूरवर फिरतो. म्हणून पिंजऱ्याचा तळ निदान १०० × ५० सेंटिमीटर असावा. एवढा आयत खडूने जमिनीवर काढून दाखवावा. दुकानातील पिंजरा त्यामानाने किती लहान असतो, हे मुलांच्या लगेच ध्यानी येते. आत धावण्याचे चाक हवे. त्याचा व्यास सुमारे वीस सेंटिमीटर असावा, म्हणजे पाठ वाकत नाही. पृष्ठभाग सलग असावा, म्हणजे पाय अडकत नाही. चाक हे केवळ कैद्याचे खेळणे नव्हे. नेदरलँड्समधील संशोधकांनी मोकळ्या रानात असे चाक ठेवले, तेव्हा रानउंदीर आपण होऊन त्यात येऊन धावू लागले. हे निरीक्षण २०१४ साली प्रसिद्ध झाले आहे.

साठवण : दोन्ही गालांच्या आत त्यास पिशव्या असतात, त्यांत दाणे भरून तो बिळात नेतो. म्हणून सर्व धान्य वाटीत न ठेवता थोडे भरावावर विखरून टाकावे. शोधणे व साठविणे हाच त्याचा उद्योग आहे. त्याचा साठा रोज उपसून साफ करू नये. ओले व नासके तेवढे काढावे.

दात : पटाशीचे दात आयुष्यभर वाढत राहतात. म्हणून कुरतडण्यास रंग व औषध न लावलेले सफरचंदाचे किंवा पेरूचे लाकूड द्यावे.

वाळू : तो वाळूत लोळून अंग स्वच्छ करतो. म्हणून पसरट भांड्यात कोरडी, स्वच्छ वाळू ठेवावी. बारीक धुळीची नको. पाण्याने आंघोळ कधीही घालू नये.

निद्रा : तो मुख्यतः संध्याकाळी व रात्री जागा असतो. म्हणून दिवसा त्यास उठवू नये. मध्यरात्री कोणी आपणांस दहा वेळा हलवून उठविले तर काय वाटेल, असा प्रश्न मुलांस विचारावा.

शत्रू : वरून झडप घालणारे घुबड व ससाणा हे त्याचे शत्रू होत. म्हणून वरून हात घालून त्यास उचलू नये. हात खाली, उताणा ठेवावा व त्यावर एखादे बी ठेवून वाट पाहावी. तो आपण होऊन चढल्यास जमिनीलगत बसूनच धरावे. उंचीचा अंदाज त्यास नीट येत नाही व पडल्यास हाड मोडते.

एकांत : ‘दोन ठेवले म्हणजे करमेल’ ही आपली कल्पना आहे, त्याची नव्हे. दोन हॅमस्टर पुष्कळदा एकमेकांस रक्तबंबाळ करतात. नरमादी एकत्र ठेवल्यास सुमारे तीन आठवड्यांत पिल्ले होतात व मादी लागलीच पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून एका पिंजऱ्यात एकच प्राणी ठेवावा.

आहार

माळावर तो गवताचे बी, पाने व किडे खातो. आपल्याकडील राळा, बाजरी, ज्वारी, नाचणी यांचे मिश्रण त्यास चालते. दिवसास एक ते दोन चहाचे चमचे पुरे. आठवड्यातून एकदोनदा उकडलेल्या अंड्याचा लहानसा तुकडा व रोज थोडी ताजी पालेभाजी धुऊन द्यावी. पाणी रोज बदलावे. गूळ, साखर, बिस्किटे व गोड फळे यांचा मोह टाळावा. बुटक्या हॅमस्टरांना, विशेषतः कॅम्पबेलच्या जातीस, मधुमेह होण्याचा संभव असतो. कांदा, लसूण, लिंबू-संत्रे व चॉकलेट कधीही देऊ नये. मुलांचा खाऊ हा प्राण्याचा खाऊ नव्हे, हे वाक्य फळ्यावर लिहिण्याजोगे आहे.

आरोग्य

प्राण्यास हात लावण्यापूर्वी व नंतर साबणाने हात धुणे हा पहिला नियम. अशा प्राण्यांपासून सालमोनेला जंतूंचा संसर्ग होऊ शकतो. २०२२ साली हाँगकाँगमध्ये दुकानातील हॅमस्टरांपासून माणसांस कोविडचा संसर्ग झाल्याचे आढळले व तेथील शासनाने सुमारे दोन हजार लहान प्राणी मारविले. हे सांगताना मुलांच्या मनात भीती घालू नये. स्वच्छतेचे महत्त्व तेवढे ठसवावे. हॅमस्टर चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने धुऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावी.

शाळेत ठेवावा काय?

आता फळ्यावरील उजवी बाजू पूर्ण भरली असेल. तिच्याकडे बोट दाखवून विचारावे : “यांपैकी आपल्या शाळेत काय काय जमेल?” मुले प्रामाणिकपणे मोजू लागतात. दिवसा शाळा गजबजलेली, तेव्हा त्याची झोप होणार नाही. रात्री शाळेस कुलूप, तेव्हा त्याच्यावर लक्ष ठेवण्यास कोणी नाही. त्यास साधारण अठरा ते चोवीस अंश सेल्सिअस तापमान मानवते. तीस अंशांपुढे त्याचा जीव धोक्यात येतो, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. दिवाळीची व उन्हाळ्याची सुटी निराळीच. हे सारे पाहता शाळेत हॅमस्टर ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलांनी हाच निर्णय स्वतः काढला, तर पाठाचा तिसरा हेतू साध्य झाला असे समजावे.

येथे कायद्याचाही उल्लेख करावा. प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये हालचालीस पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हा अपराध आहे. २०१८ च्या नियमांप्रमाणे पाळीव प्राण्यांच्या दुकानदारास राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे तर संविधानाने सांगितलेले मूलभूत कर्तव्यच होय. हॅमस्टरऐवजी रानातील खार किंवा पोपट धरून आणावा, असेही कोणास वाटू देऊ नये. आपल्याकडील पोपटास वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असून त्यास पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे.

एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी हॅमस्टर आधीच आलेला असेल, तर त्यास लाजवू नये, मदत करावी. पिंजरा घरातील सर्वांत थंड, जाड भिंतीच्या खोलीत, उन्हापासून दूर ठेवावा. उन्हाळ्यात आत शहाबादी फरशीचा थंड तुकडा ठेवावा व पिंजऱ्याबाहेर पाण्याचा माठ ओल्या फडक्याने गुंडाळून ठेवावा. उकाड्याने प्राणी निपचित पडल्यास बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. थंड जागी नेऊन पशुवैद्यकीय दवाखान्याशी त्वरित संपर्क साधावा. उलट, थंडीच्या पहाटे तो गार व निश्चल दिसला तर मेला असे समजून पुरण्याची घाई करू नये. हळूहळू ऊब देऊन पाहावे. आणि कंटाळा आला म्हणून त्यास शेतात सोडून देऊ नये. येथे तो बहुधा एकदोन दिवसही जगणार नाही. आणि जगून पसरलाच, तर पिकास नवी पीडा होईल. याच भयाने ऑस्ट्रेलियाने हॅमस्टर पाळण्यास बंदी केली आहे. बुटक्या हॅमस्टरचे आयुष्य साधारण दीड ते दोन वर्षांचे असते. एवढा काळ त्याचे नीट करणे एका घरास कठीण नाही.

उजळणी

(१) हिवाळी पांढऱ्या हॅमस्टरचा रंग कशामुळे बदलतो? (२) त्यास खोल भराव का हवा? (३) त्यास वरून का उचलू नये? (४) तार कुरतडणारा हॅमस्टर आपणांस काय सांगत असतो? (५) तो रात्री एकटा काय करतो?

पाचवा प्रश्न त्या मुलीचा आहे. त्याचे उत्तर मुलांकडून पूर्ण वाक्यांत घ्यावे : तो जागा असतो, धावतो, उकरतो, दाणे शोधतो व साठवितो, आणि यांपैकी काहीच करता आले नाही, तर तार कुरतडतो.

स्वाध्याय

मुलांच्या दोन-दोनच्या जोड्या कराव्यात. प्रत्येक जोडीने आपल्या परिसरातील एका प्राण्याचे, उदाहरणार्थ खार, चिमणी, सरडा किंवा मुंगी यांचे, आठवडाभर रोज एकाच वेळी दहा मिनिटे दुरून निरीक्षण करावे. प्राण्यास धरू नये, डिवचू नये, त्याचे घर उकरू नये. काय खातो, कोठे जातो, कशास भितो, केव्हा दिसेनासा होतो, हे वहीत लिहावे. शेवटी पुढील प्रश्नाचे उत्तर पाच ओळींत लिहावे : ‘या प्राण्यास मी पिंजऱ्यात ठेवले, तर त्याचे काय काय हिरावले जाईल?’

या स्वाध्यायातील निवडक वह्या केंद्रप्रमुखांमार्फत माझ्याकडे अवश्य पाठवाव्यात. शाळाभेटीच्या वेळी मी त्या मुलांशी बोलेन, आणि शेरेबुकात शेरा त्यानंतरच लिहीन.